समजेल असं सांगणाऱ्या आपा

आपांच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला त्या नाव विचारत नसत. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणत, "बसा. तुमचा जीव कोणता?" नवखा माणूस गडबडून जाई. जीव कोणता, याला काय उत्तर द्यायचं? मग आपाच सोडवत, "म्हणजे तुम्ही काम कशावर करून राहिले? बुरशी, मासा, तूर, जंतू?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "जंतू. क्लेब्सिएला." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे माणसं मारणारा," त्या म्हणाल्या, आणि चहा सांगायला उठल्या.

नांदेडहून विष्णुपुरीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक लहानसं संशोधन केंद्र होतं. आता नाही. मी लातूरकडच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेत नोकरी करत होते आणि पीएच.डी.साठी त्या केंद्रात नाव घातलं होतं. तळमजल्यावर जिन्याखाली आपांची खोली. खोलीत एक मोठा सर्व्हर सतत घरघरत असे, त्याला गरम होऊ नये म्हणून एक कूलर, आणि कूलरच्या ओलीनं भिंतीला आलेले पोपडे. आपा संगणकशास्त्राच्या पदवीधर. जीवशास्त्र त्या शाळेत शिकल्या तेवढंच. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्यानं सही. वय चाळिशीच्या आसपास, अंगावर फिक्या रंगाचा सलवार-कमीज, ओढणी डोक्यावरून घेतलेली, आणि चष्मा इतका जाड की त्यांच्या डोळ्यांतला राग लोकांना उशिरा कळायचा.

त्यांचं काम काय, हे सांगायचं तर आधी आमची अडचण सांगितली पाहिजे. हैदराबादला जंतू पाठवला की तिथलं यंत्र त्याच्या पेशीतला सगळा वारसा अक्षरांत वाचून देतं. अक्षरं चारच, पण त्यांची रांग लाखांनी. ती फाइल साध्या संगणकात उघडली की संगणक बसतो. ती वाचणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पण ते काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवावे लागतात. एक जागा जास्त सुटली तरी पडदा इंग्रजीत काहीतरी खेकसतो आणि गप्प होतो. आमच्यासारख्या, आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेल्या माणसांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मोठ्या शहरांत त्यासाठी वेगळी माणसं असतात. आमच्याकडे नमुने होते, रोगी होते, पिकं होती, आणि न उघडणाऱ्या फायली होत्या.

आपांनी एक पान तयार केलं होतं. संगणकावर उघडायचं साधं पान. आत मराठी बटणं. फाइल इथं द्या. खराब भाग कापा. जोडा. एकमेकांशी ताडून पाहा. चित्र काढा. पाठीमागं तेच जगभरचे प्रोग्राम चालत, पण पुढं उभ्या राहिलेल्या माणसाला काळा पडदा दिसत नसे.

पान त्यांचं असलं तरी कळफलकाला मात्र त्या कधी हात लावत नसत. आपण अडलो, रडकुंडीला आलो, तरी त्या पाठीमागं ओढणीत हात गुंडाळून उभ्या. "आपा, तुम्हीच दाबा ना एकदा," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "हात तुमचाच पाहिजे. उद्या विचारणारे तुम्हाला विचारतील, मला न्हाई." सुरुवातीला याचा राग येई. औशाच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे एक सर तर रागानं उठून गेले होते. ते करडई वाळवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीवर काम करत. त्यांनी "जोडा" हे बटण दाबलं, पडद्यावर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. सर्व्हरवर एकच काम कितीतरी वेळा सुरू झालं आणि सगळ्यांचंच बंद पडलं. खोलीतले हसले. आपा हसल्या नाहीत. त्यांनी सरांना बाहेर गाठून विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटलं त्या वेळेला? म्हणजे मनात काय आलं?" सर म्हणाले, "मला वाटलं मेलं ते." दुसऱ्या दिवशी बटणाखाली ओळ होती, 'काम चालू आहे, जिवंत आहे. चहा पिऊन या. पुन्हा दाबू नका.' सर परत आले आणि नंतर चार वर्षं येत राहिले.

माणूस अडला की पान चुकलं, असा त्यांचा हिशेब. कुणाचा हात कुठं थांबतो, कोण कुठला शब्द दोनदा वाचतो, हे त्या पाठीमागून पाहत आणि संध्याकाळी पान बदलत. पण माणसांशी त्या गोड होत्या असं नाही. न वाचता बटणं दाबणाऱ्याला झापत. प्राध्यापकांनी शोधनिबंधात त्यांचं नाव गाळलं की आठवडाभर त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलत नसत, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसला तरी. आणि एक मोठा दोष त्यांच्यात होता. बाहेरून पान त्यांनी कुणालाही चालवता येईल असं केलं, पण ते आतून कसं चालतं हे कधी कुणाला शिकवलं नाही. "करते, करते," म्हणत. कंत्राटी माणसाची ती भीती होती की अभिमान, मला सांगता येणार नाही.

पुण्याहून एकदा एक तज्ज्ञ आले होते. परदेशात राहून आलेले, सज्जन गृहस्थ. पान पाहून म्हणाले, "अशी बटणांची साधनं आधीच आहेत की. अगदी उत्तम आहेत. तुम्ही पुन्हा का बनवलं?" आपा म्हणाल्या, "माहीत हाय सर, मी पण वापरते. रस्ता लई चांगला हाय तो. पण आमच्या गावापासून त्याला फाटा न्हाई." तज्ज्ञ हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. त्या दुपारी केंद्राचं इंटरनेट बंद होतं, रोजच्यासारखं, आणि औशाचे सर आतल्या सर्व्हरवर आपली बुरशी ताडत बसले होते.

त्या पानावर आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यामुळेच मला हे लिहावंसं वाटतं. प्रत्येक उत्तराच्या खाली आपा एक ओळ टाकत. उत्तरातून काय कळत नाही, याची ओळ. 'साम्य आहे, पुरावा नाही.' 'नमुने थोडे आहेत, घाई करू नका.' चित्र कितीही सुंदर आलं तरी ती ओळ खाली असायचीच, आणि ती पुसायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

मी ज्या रुग्णालयात होते त्याचं नाव घेण्याचं कारण नाही. तिथं नवजात बाळांचा एक कक्ष होता. त्या पावसाळ्यात बाळं दगावू लागली. बाळ जन्मायचं, थोडं अशक्त असायचं, ऑक्सिजनवर ठेवायचे. दोन-तीन दिवस बरं जायचं, मग दूध सोडायचं, अंग राखाडी पडायचं आणि संपायचं. रक्त माझ्याकडे यायचं. प्रत्येक वेळी तोच जंतू, आणि जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारा. आमचे वरिष्ठ म्हणत, "खेड्यापाड्यांतून उशिरा आणतात, येतानाच घेऊन येतात." असेलही. मी जंतू फेकून न देता जपून ठेवत गेले. कक्षातला नळ, पाळण्यांचे कठडे, आणि ऑक्सिजन ज्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत बाळाच्या नाकाशी जातो त्या बाटल्यांतलं पाणी, यांचेही नमुने घेतले. केंद्रातल्या माझ्या मार्गदर्शकांच्या एका प्रकल्पातून ते सगळे हैदराबादला गेले. उत्तर एका डिस्कमध्ये भरून आलं. ती मांडीवर धरून मी लातूरहून नांदेडला एसटीनं गेले.

चित्र निघायला दुपार झाली. पडद्यावर एक झाड उमटतं, आणि जे जंतू एकमेकांचे सख्खे ते एका डहाळीवर येतात. दोन बाळांचे जंतू लांबच्या फांदीवर होते. ते खरंच बाहेरून आलेले असणार. बाकी सगळे एका डहाळीला लगडले होते, आणि त्यांच्यात मधेमधे ऑक्सिजनच्या बाटल्या.

आपा मागं उभ्या होत्या. पडद्याजवळ वाकून त्यांनी डहाळीवरचे नंबर वाचले. मग म्हणाल्या, "हे जे नंबर हायेत, ही सगळी गेली?"

"एक जगलं," मी म्हणाले.

"नावं?"

"नावं कुठली आपा. आईच्या नावानं नोंद असते."

त्यांनी मान हलवली. चित्राखाली त्यांची ओळ होती. 'हे जंतू एकमेकांचे अगदी जवळचे आहेत. कोणाकडून कोणाकडे गेले, हे यावरून सांगता येत नाही.'

मी आमच्या वरिष्ठांना ओळखत होते. "आपा, ही ओळ काढा. एवढ्या वेळेपुरती. ते हीच धरून बसतील."

"खरी हाय का खोटी?"

"खरी आहे."

"मग कशी काढू? ती काढली तर वरचं चित्र पण खोटं होतंय, बाई."

मी चिडले. इथं लेकरं मरताहेत आणि तुम्ही शब्दाला शब्द लावत बसलाय, असंही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यांनी मला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले. ही दोन वेगळी का? यंत्राच्या वाचनात चूक झाली असेल तर चित्र किती बदलेल? नळातला जंतू झाडावर कुठं आहे? उत्तर अडलं की मलाच पुन्हा पानावर पाठवत. गाडी चुकली. दुसरी धरून मी परत आले.

रुग्णालयातल्या बैठकीत तसंच झालं. वरिष्ठांनी चष्मा लावला आणि सगळ्यांत आधी खालची ओळ वाचली. "म्हणजे बाळांकडूनच पाण्यात गेला असेल."

"गेला असेल, सर. पण मग पाण्यातून पुढच्या बाळाला गेला. कुणीकडून का आलेला असेना, पाणी तर बदलू."

"हे सगळं कुणी केलं?"

"मी."

"तुम्हाला यातलं येतं?"

"विचारा, सर."

त्यांनी विचारलं. बरेच प्रश्न आपांनी आधीच विचारले होते. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मला वाटलं, झालं. वरिष्ठांनी कागद मिटून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. समितीपुढं ठेवू."

समितीची तारीख ठरली, मग पुढं गेली. त्या मधल्या काळात कक्ष चालू होता, बाटल्याही त्याच होत्या. आणखी बाळं गेली. मग एके दिवशी कुणी काही न सांगता बाटल्या बदलल्या, रोज उकळून गार केलेलं पाणी वापरावं अशी सूचना भिंतीवर लागली, आणि बाळं दगावायची थांबली. का थांबला, हे कुठंही लिहिलं गेलं नाही. गेलेल्या बाळांच्या कागदांवर कारण राहिलं ते कमी वजन.

मी जाऊन आपांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मधे किती गेली?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, "ती ओळ काढली असती तर?"

"तरी समितीच बसली असती."

"मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिल्या तुम्ही."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी ओळ काढली नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिच्याखाली आणखी एक ओळ होती. 'तरीही धोका दिसत असेल तर खात्रीची वाट पाहू नका.' या दुसऱ्या ओळीवरून केंद्रातल्या एका प्राध्यापकांनी त्यांच्याशी वाद घातला. हे शास्त्र नाही, म्हणाले. आपा म्हणाल्या, "न्हाई सर, हे शास्त्र न्हाई. हे शास्त्र वाचणाऱ्यासाठी हाय."

त्यानंतर काही दिवसांनी लातूरजवळच्या मुरुडकडचा एक तरुण माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मुरुड माझंही गाव, म्हणून कुणीतरी त्याला माझ्याकडे धाडलं असावं. त्याची मुलगी गेली होती. "मॅडम, कागदावर वजन लिहिलंय," तो म्हणाला. "वजन तर जन्मली तवाबी तेवढंच हुतं. मग तीन दिवस कशी जगली?" आम्हाला बोलायची मनाई होती. मी आत जाऊन आपांना फोन केला. पलीकडं सर्व्हर घरघरत होता. मग त्या म्हणाल्या, "सांगा. माहीत हाय तेवढं सांगा. न्हाई ते न्हाई म्हणून सांगा. पण त्याला समजेल असं सांगा."

आवारातल्या कडुनिंबाखाली बसून मी सांगितलं. त्यानं मधे एकदाच विचारलं, "म्हंजी हवा ज्या पाण्यातून येती, त्या पाण्यात हुतं?"

"हो. तिच्या अंगातला जंतू आणि त्या पाण्यातला, एकाच घरचे. पाण्यातूनच तिच्यात गेला, असं मात्र मला शपथेवर सांगता येणार नाही."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "आमी तिला दृष्ट लागली म्हनत हुतो," तो म्हणाला. "बायको स्वतःला कोसून राहिली. तिला सांगतो आता." आणि गेला.

मी बोलले हे वर कळलंच. मला प्रयोगशाळेतून उचलून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. काही महिन्यांनी मी नोकरी सोडली. हे सांगायला आपांकडे गेले तेव्हा वाटलं होतं, त्यांना अपराधी वाटेल, त्या समजूत घालतील. त्यातलं काही झालं नाही. केंद्राच्या आवारात बाकावर बसून त्यांनी मला त्यांच्या बहिणीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांची थोरली बहीण औशाच्या पलीकडच्या एका गावात दिली होती. भूकंप झाला तेव्हा आपा नांदेडला महाविद्यालयात शिकत होत्या. दगडमातीचं घर होतं, जाड भिंतींचं. बहीण आणि थोरली दोन मुलं त्याखाली गेली. मेहुणे, आपांचे दुलाभाई, आणि तान्हं बाळ वाचलं. सगळे उघड्यावर, पाऊस लागलेला. काही दिवसांनी गावाबाहेरच्या शाळेची पक्की खोली उघडून दिली, पण आत झोपायला कुणी धजेना. जमीन अधूनमधून हलतच होती. मग पाहणी करायला एक साहेब आले. "दुलाभाईनं विचारलं त्यांना, बाळाला घेऊन आत झोपू का बाहेर? एवढंच विचारलं. साहेब वाईट नव्हता. अर्धा तास बोलला. आकडे सांगितले, जमिनीच्या आतलं सांगितलं. दुलाभाईला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. न कळलेलं भीतीसारखंच असतं. तो बाहेरच झोपला. बाळाला थंडी भरली, छातीत कफ झाला. आठवडा पण न्हाई काढला." मग एवढंच म्हणाल्या, "खोली पक्की होती, बाई. आजपण उभी हाय."

मग उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी औशाचे सर येणार होते.

केंद्र बंद पडलं ते एकदम नाही. आधी प्रकल्प संपले, मग माणसं. जे तरुण आपांच्या खोलीत बुरशी आणि जंतू ताडायला शिकले होते ते एकेक करून लातूरला गेले. लातूरला तेव्हा शिकवण्यांचं पीक आलं होतं. जिकडं पाहावं तिकडं फलक, फलकांवर गुणवंतांचे चेहरे, आणि वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यभरातून आलेली मुलं. जीवशास्त्र शिकवणाऱ्याला तिथं मान होता. जीवशास्त्रात नवं काही शोधणाऱ्याला तिथं काय काम? त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. मीसुद्धा तिथंच गेले. पेशीची आकृती काढून चार पर्यायांतला बरोबर पर्याय कसा ओळखायचा ते शिकवू लागले. पुढच्या वर्षी आपांच्या कंत्राटावर सही झाली नाही आणि त्याही आल्या. आमच्याच क्लासमध्ये, परीक्षांचे निकाल लावणाऱ्या संगणकांवर.

विष्णुपुरीचा सर्व्हर कुणीतरी बंद केला. नंतर औशाच्या सरांनी खटपट करून तो सुरू करवला, पण पान काही उठेना. आपा दोनदा जाऊन आल्या. पान ज्या डिस्कवर होतं ती गेली होती, त्याची दुसरी प्रत कुठंच नव्हती, आणि ते कसं उभारलं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. "मीच ठेवलं न्हाई कुणाकडं," त्या म्हणाल्या.

क्लासमध्ये त्यांची खोली काचेची होती, थंडगार, भिंतीला पोपडे नव्हते. दर रविवारी परीक्षा, सोमवारी सकाळी क्रमवारी भिंतीवर. मी एकदा विचारलं, "कसं वाटतं इथं?" त्या पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "तिथं जंतू ताडायची, इथं पोरं ताडते." सुरुवातीला त्यांनी क्रमवारीखाली एक ओळ टाकून पाहिली होती. 'हे या पेपरचे गुण आहेत, मुलाचे नाहीत.' क्लासच्या चालकांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "पालकांचा गैरसमज होतो, मॅडम." ती ओळ त्यांना काढावी लागली. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. मी डबा पुढं सरकवला तर म्हणाल्या, "खा तुम्ही. मला जड वाटून राहिलं पोटात."

पोटातलं ते जडपण गेलंच नाही. त्यांनी अंगावर काढलं, बायका काढतात तसं. तपासण्या झाल्या तेव्हा आजार यकृतापर्यंत पोहोचला होता. लातूरच्याच एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. मी गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्या भावाशी बाहेर बोलत होते आणि आपा आत उशीला टेकून दाराकडे बघत होत्या. मी जवळ जाताच म्हणाल्या, "मी विचारलं तर म्हणतात, आराम करा. भाऊ म्हणतो, सब ठीक है. तुम्ही रिपोर्ट वाचला?"

"वाचला."

"मग बसा. समजेल असं सांगा."

मी बसले. कुठून सुरू झालं, कुठं पसरलं, कुठलं औषध त्याला थोडं थोपवील आणि कुठलं आता देता येणार नाही, हे सांगितलं. त्या एखाद्या विद्यार्थ्यासारख्या ऐकत होत्या, मधेच एखादा शब्द पुन्हा विचारत होत्या. सांगून झालं तेव्हा म्हणाल्या, "आणि काय माहीत न्हाई?"

"किती दिवस, ते."

"बरं," त्या म्हणाल्या. माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं थंड होती. "आता झोप येईल मला."

दसऱ्याच्या सुमारास भावानं त्यांना नांदेडला घरी नेलं. तिथंच त्या गेल्या. मला निरोप उशिरा मिळाला. मी पोहोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. जुन्या नांदेडातलं दोन खोल्यांचं घर, खाली भावाचं पुस्तकबांधणीचं दुकान. वर पलंगावर त्यांच्या अम्मी बसल्या होत्या. फार म्हाताऱ्या, पाठीला बाक आलेला. हातात अडकित्ता होता आणि पुढं ताटलीत कातरलेल्या सुपारीचा ढीग, घरातल्या कुणालाही लागणार नाही एवढा. मी जवळ बसले. सून पाणी देऊन गेली.

थोड्या वेळानं अम्मींनी विचारलं, "बेटी, वो काम क्या करती थी? लोगां आको जारै. बोलते, बहुत बड़ा काम करती थी. मेरेकू तो मालूमच नै."

मी सांगायचा प्रयत्न केला. सोपे शब्द शोधत होते. "अम्मी, शिकलेल्या माणसांपुढं काही अक्षरं यायची. वेगळी अक्षरं, जंतूंची, झाडांची. त्यांना ती वाचता यायची नाहीत. आपांनी त्यांना वाचता येतील अशी सोय करून दिली. दुसऱ्या कुणावर अवलंबून न राहता, ज्याची त्याला."

अडकित्ता थांबला. त्यांनी ते मनात फिरवून पाहिलं.

"मतलब पढ़ने कू सिकाती थी."

"हो, अम्मी."

खालून दुकानातला कागद ठोकण्याचा आवाज येत होता. अम्मी हातातल्या अर्ध्या सुपारीकडे बघत राहिल्या.

"मैं भी बोली थी एक बार," त्या म्हणाल्या. "मेरेकू भी सिका. बोली, फुरसत हुई तो सिकाती, अम्मी."

आणि त्यांनी ती अर्धी सुपारी अडकित्त्यात धरली.